नव्या राजवाड्याचे शिल्पकार मेजर मँट

कोल्हापूर - नवा राजवाडा, भाऊसिंगजी रस्त्यालगतच्या बागेतील टाऊन हॉल आणि 'थोरला दवाखाना' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाणारे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. कोल्हापूरची ओळख सांगणाऱ्या या तिन्ही वास्तू एकाच माणसाच्या कल्पनेतून उतरल्या आहेत. या शहराला एकोणिसाव्या शतकात नवा चेहरा देणाऱ्या त्या माणसाचे नाव मेजर चार्ल्स मँट. राजवाडा पाहायला येणाऱ्या हजारो पर्यटकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते. खुद्द मँट यांना तर हा राजवाडा पूर्ण झालेला पाहताही आला नाही. बांधकाम संपले १८८४ मध्ये. मँट यांचे निधन त्याआधी तीन वर्षे, १८८१ मध्ये झाले होते.

सरकारी इमारतीचा आराखडा कोणी निवडावा, कोणत्या निकषांवर निवडावा आणि निवड झाल्यावर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न आजही प्रत्येक मोठ्या सार्वजनिक बांधकामाच्या वेळी उपस्थित होतात. वास्तुरचना स्पर्धा जाहीर झाली, की तिच्या अटींविषयी शंका निघतात, खुलासे मागविले जातात, कधी वादही होतात. मँट यांचे आयुष्य या प्रश्नांच्या दृष्टीने फार बोलके आहे. त्यांची कोल्हापुरातील कामे नेमणुकीने झाली, ती स्पर्धेतून मिळालेली नव्हती. त्यातून त्यांना मोकळीक मिळाली. पण त्याच मोकळिकीबरोबर आलेले ओझे त्यांना एकट्याला वाहावे लागले.

लष्करी अभियंता

मँट यांचा जन्म १८३९ च्या सुमारासचा. ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स या पथकातील अधिकारी म्हणून ते ऐन तारुण्यात मुंबई इलाख्यात आले. त्या काळात इमारती बांधण्याचे काम बहुतांशी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असे आणि त्या खात्यात लष्करी अभियंत्यांचा भरणा मोठा होता. रस्ते, पूल, बराकी, कचेऱ्या हे त्यांचे नित्याचे काम. ठराविक नकाशावरून इमारत उभी करायची आणि खर्च अंदाजपत्रकात बसवायचा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे. सौंदर्याचा विचार करायला फारशी सवड नसे आणि तशी मागणीही नसे.

मँट या साच्यात बसणारे नव्हते. सुरतेतील हायस्कूलची इमारत हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. पश्चिम भारतातील जुनी मंदिरे, मशिदी आणि राजवाडे त्यांनी बारकाईने पाहिले. खांबांची घडण, कमानींचे प्रकार, सज्जे, जाळ्या, घुमट आणि छत्र्या यांचा अभ्यास केला. युरोपीय इमारतीची सोय आणि हिंदुस्थानी कारागिराची घडण यांचा मेळ घालता येईल, अशी त्यांची धारणा बनत गेली. पुढे ही पद्धत 'इंडो-सारासेनिक' या नावाने ओळखली गेली. तिच्या पहिल्या पुरस्कर्त्यांमध्ये मँट यांची गणना होते.

फ्लॉरेन्समधील छत्री

कोल्हापूरशी त्यांचा संबंध दृढ झाला तो एका दुःखद घटनेनंतर. कोल्हापूरचे तरुण अधिपती छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. ख्रिस्ती शहराच्या वेशीवर झालेला तो दहनविधी फ्लॉरेन्सवासीयांच्या चांगलाच स्मरणात राहिला.

त्या जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. चार खांबांवर पेललेल्या छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा, असे त्याचे स्वरूप आहे. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. छत्रीची रचना मँट यांची. कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर सहज शोभून दिसेल अशी छत्री इटलीतल्या उद्यानात उभी करताना मँट यांनी तिला युरोपीय पेहराव चढविला नाही. आजही कासिने उद्यानाच्या टोकाला ती उभी आहे. जवळच्या पुलालाही या 'हिंदी राजपुत्रा'वरूनच नाव मिळाले.

कोल्हापुरात मात्र गादी पोरकी झाली होती. १८७१ मध्ये दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज वयाने लहान होते. संस्थानचा कारभार पोलिटिकल एजंट आणि कारभारी यांच्या हाती गेला. नेमक्या याच काळात शहरात सार्वजनिक इमारतींची मालिका सुरू झाली. नव्या इमारती म्हणजे प्रगतीची खूण, असे इंग्रजी अंमलदारांचे समीकरण होते. संस्थानच्या खजिन्यातून पैसा उपलब्ध होता आणि जागेवर मँट यांच्यासारखा कल्पक अभियंता होता. निर्णय घेणारे लोक मोजके, त्यामुळे कामे झपाट्याने मार्गी लागली.

टाऊन हॉल ते दवाखाना

टाऊन हॉलचे बांधकाम १८७२ ते १८७६ या काळातील. टोकदार मनोरे आणि उतरती छपरे असलेली ही इमारत बरीचशी गॉथिक धाटणीची आहे. मँट यांचा हात अजून युरोपीय वळणावर होता, हे ती पाहताच कळते. ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंसाठी पुढे जे संग्रहालय निघाले, ते याच इमारतीत स्थिरावले. नागरिकांच्या सभांसाठी बांधलेल्या दालनात आता दोन हजार वर्षांपूर्वीचे कोल्हापूर पाहायला मिळते.

दवाखान्याची इमारत त्यानंतरची. इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. त्यांचे नाव या रुग्णालयाला देण्यात आले. पुढे नाव बदलले, वस्ती वाढली, आवारात नव्या इमारती आल्या. तरी काळ्या दगडातील मूळ वास्तूचा दिमाख कमी झालेला नाही. जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून आणि शेजारच्या कोकणातून येणाऱ्या गोरगरीब रुग्णांसाठी ती आजही आधार आहे.

शैलीचा वाद

मँट कोल्हापुरात काम करीत असताना तिकडे लंडनमध्ये एक वाद रंगला होता. हिंदुस्थानातील सरकारी इमारती कोणत्या शैलीत असाव्यात? टी. रॉजर स्मिथ यांनी १८७३ मध्ये असे मत मांडले, की राज्यकर्त्यांनी आपली युरोपीय शैलीच इथे रुजवावी. त्याला विल्यम इमर्सन यांनी विरोध केला. मुसलमान राज्यकर्त्यांनी जशी स्थानिक कला आत्मसात केली तशी इंग्रजांनीही करावी, असे त्यांचे म्हणणे होते. वाद विद्वानांचा होता. पण त्याचा फटका प्रत्यक्ष बांधकामांना बसत होता.

अजमेर येथील मेयो कॉलेज हे त्याचे ठळक उदाहरण. राजपुत्रांच्या शिक्षणासाठी ही संस्था काढण्याची कल्पना व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी १८७० मध्ये मांडली. १८७२ मध्ये अंदमानात त्यांची हत्या झाली. इमारत कोणत्या शैलीत असावी, हे मात्र ठरता ठरेना. वेगवेगळ्या शैलींतील आराखडे आले, पाहिले गेले आणि बाजूला पडले. आराखडा करणाऱ्याला नेमके काय हवे हे आधी सांगितलेच नव्हते. त्यामुळे प्रत्येक नवा आराखडा म्हणजे नव्याने वाद, असे होऊन बसले. अखेर १८७५ मध्ये हे काम मँट यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांनी हिंदू आणि मुसलमानी घडणीचा संगम साधणारा आराखडा दिला. १८७८ च्या जानेवारीत पायाभरणी झाली आणि १८८५ मध्ये पांढऱ्या संगमरवरातील मुख्य इमारत पूर्ण झाली. कल्पना निघाल्यापासून तोवर पंधरा वर्षे उलटली होती.

अजमेरच्या या घोळातून एक गोष्ट स्पष्ट होते. इमारतीची गरज, जागा, खर्चाची मर्यादा आणि निर्णय कोणाचा, एवढ्या चार गोष्टी आधी कागदावर आल्या नाहीत, तर उत्तम वास्तुकारही हतबल ठरतो. वास्तुरचना स्पर्धेच्या अटी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून याच चार गोष्टींची लेखी हमी असते.

स्पर्धेची वाट

अशी स्पर्धा त्या काळी हिंदुस्थानात अपरिचित नव्हती. मद्रास सरकारने १८६४ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेज आणि विद्यापीठाच्या सभागृहासाठी आराखडे मागविले. त्यात रॉबर्ट चिझम या तरुणाने बाजी मारली. कोलकात्याकडे नोकरीत असलेला हा अभियंता या एका विजयामुळे मद्रासला आला आणि तेथील सरकारचा वास्तुकार झाला. ओळखपाळख नसलेल्या माणसालाही केवळ कागदावरील गुणांवर काम मिळू शकते, हा स्पर्धेचा सर्वांत मोठा लाभ.

मात्र स्पर्धा निर्दोष असतातच असे नाही. खुद्द इंग्लंडमध्ये तेव्हा वास्तुकारांच्या तक्रारी वाढल्या होत्या. परीक्षक या विषयातले जाणकार नसतात, खर्चाची मर्यादा ओलांडणाऱ्यालाच बक्षीस दिले जाते, पहिला आलेल्याला प्रत्यक्ष काम मिळतेच असे नाही, असे आक्षेप घेतले जात. म्हणून १८७० आणि १८८० च्या दशकांत तेथील वास्तुकारांच्या संस्थेने स्पर्धांसाठी नियम आखण्याचा आणि परीक्षक तज्ज्ञच असावा असा आग्रह धरला. आराखड्यावर नाव नसावे, मुदत सर्वांना सारखी असावी, एकाने विचारलेल्या शंकेचे उत्तर सगळ्यांना कळवावे आणि ते उत्तर अटींचाच भाग मानावे, हे आज रूढ झालेले संकेत अशा कडू अनुभवांतूनच घडले आहेत.

कोल्हापुरात यातले काही नव्हते. नव्या राजवाड्याचे काम १८७७ मध्ये सुरू झाले ते मँट यांच्यावरील विश्वासावर.

राजवाडा कोणासाठी?

हा राजवाडा मँट यांच्या कोल्हापुरातील कामगिरीचा कळस होय. घोटीव काळ्या दगडातील भिंती, मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ. डीग, भरतपूर, मथुरा येथील घडणीची छाया, गुजरात-राजस्थानातील मंदिरांसारखे खांब, मुसलमानी धाटणीच्या कमानी आणि या सगळ्यांच्या मुळाशी मराठी वाड्याची ठेवण. दोन मजले उंचीच्या दरबार सभागृहातील रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग आहेत. टाऊन हॉलच्या गॉथिक मनोऱ्यांपासून इथवर मँट किती दूर आले होते, हे शहरात एकाच सकाळी दोन्ही इमारती पाहिल्या म्हणजे लक्षात येते. या वास्तूवर सुमारे सात लाख रुपये खर्च झाला.

पण ज्यांच्यासाठी हा राजवाडा उभा राहत होता त्या चौथ्या शिवाजी महाराजांचे काय झाले, हा महाराष्ट्राच्या इतिहासातील एक वेदनादायी अध्याय आहे. महाराजांना वेड लागल्याचे कारण देऊन त्यांना कारभारापासून दूर ठेवण्यात आले. त्यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी पुण्यातील वृत्तपत्रे खवळून उठली. कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्यावरील लेखनाबद्दल टिळक आणि आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. १८८२ मध्ये त्या दोघांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी तेथे एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला.

राजवाड्याच्या भिंती नेमक्या याच वर्षांत चढत होत्या. इमारत ज्यांच्यासाठी, त्यांना तिच्याविषयी एक शब्दही उच्चारण्याचा अधिकार नव्हता. ज्यांच्या हाती निर्णय होता, त्यांना तिच्यात राहायचे नव्हते. आराखडा मागणारा, पैसा देणारा आणि वास्तू वापरणारा अशा तीन भूमिका एकमेकींपासून तुटल्या, की सगळा भार आराखडा करणाऱ्यावर येऊन पडतो. मँट यांच्यावर तो तसा पडला.

चाळिशीतील अखेर

१८७० च्या दशकाच्या शेवटी मँट यांच्याकडे कामांची रीघ लागली होती. कोल्हापूरच्या राजवाड्याबरोबरच दरभंगा आणि कूचबिहार येथील राजवाड्यांचे आराखडे त्यांच्याकडे होते. १८८० च्या जानेवारीत बडोद्यात सयाजीराव गायकवाड महाराजांच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा पाया घातला गेला. देशातील सर्वांत भव्य खासगी निवासस्थानांपैकी एक ठरलेल्या या वास्तूचा आराखडाही मँट यांचाच. एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेल्या बांधकामांची गणिते, नकाशे आणि तपशील एका माणसाच्या डोक्यात होते. तेव्हा आजच्यासारखी तज्ज्ञ समिती नव्हती, आराखडा दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घेण्याची सक्तीही नव्हती.

त्यांच्या अखेरीविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. आपली गणिते चुकली आहेत, बडोद्याचा राजवाडा कोसळणार आहे, या भीतीने मँट यांना ग्रासले आणि त्यातच त्यांच्या मनाचा तोल ढळला, अशी ती कथा. तिला पुढे निरनिराळी रूपे मिळाली. कोणी त्यांनी आत्महत्या केल्याचे सांगतात, कोणी राजवाड्याच्या गच्चीचाही उल्लेख करतात. दंतकथेचा हा भाग बाजूला ठेवला, तरी १८८१ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, हाती घेतलेली मोठी कामे अर्धवट असताना त्यांचे निधन झाले, एवढे खरे. अभ्यासकांनीही त्यांच्या मानसिक तणावाची नोंद घेतली आहे.

बडोद्याचे काम पुढे कोणाकडे गेले? मद्रासची स्पर्धा जिंकणाऱ्या त्याच चिझम यांच्याकडे. त्यांनी मँट यांच्या मूळ कल्पनेला धरून १८९० मध्ये लक्ष्मी विलास राजवाडा पूर्ण केला. ज्या भिंती कोसळतील म्हणून त्यांच्या जनकाला झोप लागत नव्हती असे सांगतात, त्या आज सव्वाशेहून अधिक वर्षे खंबीरपणे उभ्या आहेत. कोल्हापूरचा राजवाडाही तसाच उभा आहे. मँट यांची गणिते चुकलेली नव्हती. ती बरोबर आहेत, हे अधिकाराने सांगणारा दुसरा माणूस मात्र त्यांच्या शेजारी नव्हता.

मुंबईचा धडा

याच चिझम यांना मुंबईत वेगळा अनुभव आला. मुंबई महापालिकेच्या मुख्य इमारतीची कोनशिला लॉर्ड रिपन यांच्या हस्ते डिसेंबर १८८४ मध्ये बसविण्यात आली; परंतु प्रत्यक्ष बांधकाम १८८९ मध्ये सुरू झाले. दरम्यान दोन आराखडे विचारात होते. एक चिझम यांचा, मँट यांच्या परंपरेतील इंडो-सारासेनिक शैलीचा. दुसरा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, गॉथिक शैलीचा. समोरच स्टीव्हन्स यांचेच बोरीबंदर स्थानक उभे होते. निवड स्टीव्हन्स यांची झाली आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. आधी कोनशिला आणि मग आराखडा, हा उलटा क्रम सरकारी कामांत तेव्हाही नवा नव्हता.

त्यानंतर मुंबईतील प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी, खुली स्पर्धा झाली. तीतून १९०९ मध्ये जॉर्ज विटेट यांचा आराखडा निवडला गेला. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट आणि मराठी, गुजराती, मुसलमानी घडणीचे मिश्रण ही त्या वास्तूची वैशिष्ट्ये. मँट यांनी कोल्हापुरात एकट्याने चोखाळलेली वाट तीस वर्षांनी मुंबईत स्पर्धेच्या मार्गाने राजमान्य झाली.

शाहू महाराजांचा राजवाडा

नवा राजवाडा पूर्ण झाला त्याच वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि मालकाविना उभ्या राहिलेल्या या वास्तूला खऱ्या अर्थाने धनी मिळाला. गोरगरिबांना आणि बहुजन समाजाला या राजवाड्याचे दरवाजे खुले झाले. आज तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम असून तेथे संस्थानकालीन वस्तू पाहायला मिळतात.

आता काळ बदलला आहे. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यान्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेने स्पर्धांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखून दिली आहेत. परीक्षकांत वास्तुविशारदांचे प्राबल्य, स्पर्धकाच्या नावाची गुप्तता, शंकानिरसनासाठी ठराविक मुदत आणि विजेत्याला काम देण्याची बांधिलकी ही त्यांची मुख्य सूत्रे होत. ही सूत्रे अनेकांना निव्वळ कागदी सोपस्कार वाटतात. स्पर्धेने प्रतिभा निर्माण होत नाही, हेही खरे. अटींच्या चौकटीत नव्या राजवाड्यासारखी धाडसी कल्पना कदाचित पहिल्याच फेरीत बाद झाली असती. पण आराखडा जाणकारांनी पारखून घेतला, हिशेब चार जणांनी तपासले आणि निर्णयावर स्वाक्षरी कोणाची हे स्पष्ट असले, तर वास्तुकाराला निदान आपल्याच इमारतीची भीती बाळगावी लागत नाही.

मँट यांना ती बाळगावी लागली. कोल्हापूरने त्यांच्याकडून शहराचा चेहरा घेतला. त्या मोबदल्यात शहरातील त्यांच्या वास्तूंसमोर त्यांच्या नावाची ओळख करून देणारे दोन शब्द असावेत, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.